साल्वादोर मास्तरांची वाडीभर चौकशी

केव्हिन शिंकला तेव्हा शेजारची सुगंधा नेमकी कुंपणापाशी उभी होती. एरवी तीन वर्षांच्या पोराचं शिंकणं ही काही बातमी नव्हे. पण सुगंधाच्या हातात फोन होता आणि त्या फोनवर तिने सकाळीच एक व्हिडिओ पाहिला होता.

"सिझरचो पोर तो," ती म्हणाली, "नाक गळतलाच."

साल्वादोर मास्तर पडवीत बसून नातवाला पेज भरवत होते. त्यांचा चमचा केव्हिनच्या तोंडापाशी जाऊन थांबला.

"काय म्हटलंस?"

"मी नाय म्हणत, फोनात सांगतत. आवशीच्या वाटेन इलेल्या पोरांका म्हणे येतानाच चांगले जंतू गावतत. कापून काढलेल्यांका ते गावनत नाय. मगे ती कायम सर्दीखोकल्यान बेजार. आमचो बाबलो बगा, नॉरमल! कसो धोंड्यासारखो आसा."

बाबलो म्हणजे तिचा नातू. तो केव्हिनच्याच वयाचा आणि त्याच्याच बालवाडीत.

साल्वादोर मास्तरांनी आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं होतं. त्यांचा राग ओळखायची एक खूण साऱ्या वाडीला ठाऊक होती. मास्तर मालवणीत शिव्या देत असले तर काळजीचं कारण नसे. ते पुस्तकी मराठीत बोलायला लागले की मात्र माणसाने घर गाठावं.

"सुगंधाबाई," मास्तर म्हणाले, "आपण हे विधान कोणत्या आधारावर करता?"

"व्हिडिओच्या," सुगंधा म्हणाली आणि घरात गेली.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण मास्तरांची सून जॉयसी त्याच वेळी मागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी केव्हिन लोकरीची टोपी घालून पडवीत आला. एप्रिल महिन्यात, कोळंबच्या खाडीकाठी! पोराच्या कानामागून घामाचे ओघळ येत होते. मग त्याचं खाडीवर जाणं बंद झालं. शहाळं बंद, अंगणातल्या मातीत बसणं बंद. जॉयसी शाळेत शिकवून आली की फोनमध्ये काहीबाही वाचत बसायची आणि वाचून झालं की केव्हिनच्या कपाळाला हात लावायची. तिचा नवरा डेन्झिल गोव्यात हॉटेलात नोकरीला होता. तो फोनवर म्हणाला, "जावंदे गो, लोकांका काय काम नाय." त्यावर तिने फोन ठेवून दिला.

टोपी पाहून मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी नातवाला उचललं आणि मालवणात मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर दीपिका तरुण होत्या. त्यांनी आधी टोपी काढायला लावली. "घामोळं उठलंय बघा याला. सर्दी बालवाडीत जायला लागल्यापासून होते ना? पहिल्या वर्षी सगळ्यांनाच होते."

"ते ठीक. पण सिझरच्या मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते, हे धादांत खोटं आहे ना? तसं स्पष्ट सांगा. मला एका बाईला सांगायचंय."

डॉक्टर म्हणाल्या, "अगदीच खोटं नाही, मास्तर. सिझर झालेल्या बाळाच्या पोटातले जंतू पहिले काही महिने वेगळे असतात, हे दिसलंय. हजारो मुलं एकत्र घेतली तर दमा, ॲलर्जी यांचं प्रमाण काही पाहण्यांत थोडं जास्त आढळतं. पण ते सिझरमुळे, की ज्या अडचणीमुळे सिझर करावं लागलं तिच्यामुळे, हे पक्कं सांगता येत नाही. शिवाय आईचं दूध असतं, घर असतं, अंगणातली माती असते. फरक असला तरी लहान आहे. एका मुलाकडे बघून तो कसा जन्मला, हे मीसुद्धा सांगू शकणार नाही."

यातला 'फरक' हा एकच शब्द मास्तरांच्या डोक्यात शिरला आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

"कोणत्या मुलांत आढळला हा फरक?"

"बऱ्याचशा पाहण्या परदेशातल्या आहेत."

"आमच्या कोळंबात कोणी केली पाहणी?"

बाहेर रडणाऱ्या पोरांची रांग लागली होती. "कोळंबात कोण करणार, मास्तर?" डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पोराला आत बोलावलं.

विषय संपवायला म्हणून त्या तसं बोलल्या. मास्तरांनी तो नेमणुकीचा हुकूम समजला.

दुसऱ्या दिवशी जॉयसी शाळेत गेल्यावर आणि केव्हिनला बालवाडीत सोडल्यावर मास्तर छत्री घेऊन निघाले. पहिलं घर शर्मिलाचं. ती मागल्या दारी विळीवर पेडवे मासे साफ करून सुपात टाकत बसली होती. समोर दोन मांजरं शहाण्यासारखी बसून होती.

"शर्मिलाबाई, एक शास्त्रीय प्रश्न आहे. राग मानू नका. आपली प्रसूती कोणत्या मार्गाने झाली?"

शर्मिलाने आठवून पाहिलं. "मार्गान? कट्ट्याच्या रस्त्यान. रिक्षेतसून नेल्यानी माका."

"तसं नव्हे. म्हणजे खालून की वरून?"

"वरच्या रस्त्यान. खालच्याक तेव्हा खणून ठेवल्यानी होता."

मास्तरांनी घाम पुसला. विज्ञानात आधी उदाहरण द्यावं, या सवयीने ते म्हणाले, "उदाहरणार्थ, आमच्या जॉयसीचं सिझर झालं. पोटावर छेद घेऊन. तसं तुमचं…"

शर्मिलाचा हात विळीवर थांबला. ती हळूच उठून उभी राहिली.

"मास्तरानू, तुमचा वय काय, तुमी इचारतास काय? घोव घरात नाय म्हणान इलास?"

"बाई, हे विज्ञान आहे!"

"विज्ञान तुमच्या घरात ठेवा!"

या गडबडीत दोन्ही मांजरांनी पेडव्यांचं सूप रिकामं केलं. शर्मिलाच्या तक्रारीत मग तेही धरलं गेलं.

बायकांना विचारण्यात धोका आहे, हे मास्तरांनी ओळखलं आणि ते पुरुषांकडे वळले. शर्मिलाचा नवरा महादू धक्क्यावर जाळं शिवत होता.

"महादू, तुझो झील कसो जल्मलो रे?"

"बरो जल्मलो."

"नॉर्मल की सिझर?"

महादू विचारात पडला. जाळ्यातली सुई त्याने दोनदा चुकीच्या भोकात घातली. "सोपो जल्मलो, मास्तरानू. मी च्या पिऊन येयसर झालोसुदा."

मास्तरांनी ते मनात नोंदवलं. पण पुढे पुढे असं दिसायला लागलं की वाडीतल्या बापांना आपल्या होडीच्या इंजिनाची जितकी माहिती होती, तितकी आपल्या पोराच्या जन्माची नव्हती. एकाने थोरल्याची गोष्ट धाकट्याला लावली. दाजी नावाचे एक गृहस्थ तर आत जाऊन बायकोलाच विचारून आले, आणि आल्यावर म्हणाले, "ती म्हणता, तुका काय करूचा आसा?"

खरं घबाड मिळालं ते सिद्धेशकडे. सिद्धेश हा सुगंधाचा मुलगा, बाबल्याचा बाप. गॅरेजमध्ये मोटारसायकल उघडून बसला होता आणि माणूस सरळ.

"आमचो बाबलो? नॉरमल झालो, मास्तरानू. पण खंयचो धोंडो! ह्याच म्हयन्यात दोनदा मालवणाक डॉक्टराकडे नेलो. कफ सुटणा नाय तेचो. आये कोणाक सांगूक देणा नाय."

मास्तरांना एवढा आनंद झाला की त्यांनी सिद्धेशला मिठी मारली. सदऱ्याला ग्रीस लागलं, त्याचीही पर्वा केली नाही. नाक्यावरच्या चहाच्या दुकानात त्यांनी ही गोष्ट, आणि जोडीला महादूच्या चहाचीही, अत्यंत खाजगी म्हणून तिघांना सांगितली. संध्याकाळपर्यंत सुगंधाच्या कानावर आलं की तिचा नातू नॉर्मल नाहीच आहे, असं साल्वादोर मास्तरांनी शास्त्राने सिद्ध केलं.

दुसऱ्या दिवशी वाडीत निराळंच पसरलं. सिझरच्या पोरांसाठी सरकार वेगळी बालवाडी काढणार आणि मास्तर त्यांची नावं कळवणार. त्या दिवशी निम्मी पोरं बालवाडीत आलीच नाहीत. बालवाडीच्या अनुजाताई रिकाम्या चटयांकडे बघत बसल्या आणि मग त्यांनी घरोघर जाऊन समजूत काढली, "वेगळं वगैरे काही नाही हो. सगळ्या पोरांना सारखंच मिळणार, सारखाच खाऊ."

यातलं 'मिळणार' आणि 'खाऊ' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या पडवीत बायका उभ्या.

"माझो पण सिझरचो, मास्तरानू. लावा नाव."

"परवा तुझा नवरा नॉर्मल म्हणाला!"

"तेका काय म्हायत? तो खंय होतो थंय?"

"अहो, हे शास्त्र आहे, रेशन नव्हे!" मास्तर ओरडले. त्यांच्या पाहणीतल्या नॉर्मल मुलांची संख्या एका सकाळीत पार कोसळली होती. जगात कुठेही, कुठल्याही शास्त्रज्ञाला इतक्या खोटारड्या लोकांत काम करावं लागलं नसेल, असं त्यांना मनापासून वाटलं.

त्या दुपारी जॉयसी शाळेतून लवकर आली. चपला तिने पडवीत काढल्या नाहीत, फेकल्या.

"पपा, माझा पोट सगळ्या वाडयेत मिरवलास?"

"मी? छे! कोणी सांगितलं?"

"शाळेत एका पोराच्या आवशीन इचारल्यान माका, सगळ्यांच्या फुडे. मॅडम, तुमचे सासरे म्हणत होते तुमच्या पोटावर छेद आहे, अजून दुखतो का. तिसरीचो वर्ग ऐकी होतो, पपा!"

"ते फक्त उदाहरण होतं, जॉयसी. हे सगळं मी तुझ्यासाठीच… त्या सुगंधाने तुला, आपल्या केव्हिनला…"

"माझ्यासाठी?" जॉयसीचा आवाज चढला. आतापर्यंत तो या घरात कधी चढला नव्हता. "सगळ्या वाडयेक इचारलास तुमी. बापयांकासुदा इचारलास. माका एकदा तरी इचारलास, जॉयसी, तुझा कसा झाला?"

मास्तरांनी तोंड उघडलं. पुस्तकी मराठीत एकही शब्द सापडेना. मालवणीतही सापडेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. पुढे सुगंधा, पाठीमागे शर्मिला, तिच्यामागे सुगंधाची सून संचिता बाबल्याला कडेवर घेऊन, आणि आणखी चार-पाच जणी. सकाळी नाव लावायला आलेल्या सोडल्या, तर एवढ्या बायका एकदम मास्तरांकडे आल्या होत्या त्या त्यांच्या बायकोच्या मयताला, त्यानंतर आजच.

"मास्तर!" सुगंधा अंगणातूनच म्हणाली. 'मास्तरानू' नाही, नुसतं 'मास्तर'. "माझ्या नातवाक बोगस म्हणतास?"

"बोगस हा शब्द माझा नाही."

"आणि माझा काय सांगलास नाक्यार?" शर्मिला पुढे झाली. "सोपा झाला? घोव च्या पिऊन येयसर झाला? मेलो तो खंय गेल्लो च्या पियाक, गोव्याक? रात गेली, दुसरो दिस गेलो, मी खाटल्याची दांडी धरून आराडतंय. नर्सबाई म्हणता, गप रव, सगळ्यांकाच दुखता. आणि ह्यो सांगता सोपा! तुमी ता आयकून घेतलास!"

"मग तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं की, मी विचारलं तेव्हा," मास्तर दुखावून म्हणाले.

"पेडव्यांच्या सुपाशी बसान सांगूचा असता ता?"

"मगे आता सांग," पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

आणि शर्मिला पडवीच्या पायरीवर बसली. भांडायला आलेली बाई एकदा बसली की बाकीच्याही बसतात. तिने सांगायला सुरुवात केली ती रिक्षेपासून. मध्येच एकजण म्हणाली, "ह्या कायच नाय, माझा आयक," आणि तिने आपलं काढलं. कोणाला उलटं बाळ, कोणाला वाटेतच कळा, कोणाला सासूने शेवटपर्यंत भात कांडायला लावलेलं. त्या एकमेकींवर चिडत होत्या, हसत होत्या, नवऱ्यांचा उद्धार करत होत्या. मास्तर खांबाला टेकून उभे होते. त्यांना कोणी जा म्हणत नव्हतं आणि थांब म्हणत नव्हतं.

मग एकदम शांत झालं, कारण जॉयसी बोलायला लागली होती.

"पाऊस होतो. खाडयेचा पाणी रस्त्यार. डेन्झिल दोडामार्गाक अडकलेलो. कुडाळाक पोचलंव तर डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोके कमी होतत, आताच काढूक व्हया. माका इचार करूकसुदा वेळ नाय. डोळे उघडले तेव्हा सगळी केव्हिनाकडे. वजन किती, कोणासारखो. पपा पेढे घेऊन इले. मी खाटल्यार पडान बघी होतंय. हसला तरी टाके ओढत, रडला तरी ओढत." तिने केव्हिनकडे बघितलं. "आणि आता फोनात सांगतत, आवस येताना पोराक कायतरी देता. ता म्हणे माझ्याकडसून देवचा रवला. म्हणान टोपी घालतंय तेका. दुसरा काय देव?"

केव्हिन आणि कडेवरून उतरलेला बाबलो अंगणात एकाच पत्र्याच्या डब्यासाठी भांडत होते. दोघांचीही नाकं सारखीच गळत होती.

सुगंधाचा चेहरा लाल झाला. माफी मागणं तिला जमत नसे. तिला रागावणंच जमे. "शिरा पडो त्या फोनवाल्याच्या तोंडार!" ती म्हणाली. "बापयो होतो मेलो तो. टाय लावून बसलेलो. तेका काय कळता?" मग जरा आवाज उतरवून तिने विचारलं, "टाके आजून दुखतत गो?"

"पावसात दुखतत."

"माका सांगूचा नाय? तेल देतंय मी चोळूक."

तेव्हा संचिता बोलली. ती सासूसमोर फारशी बोलत नसे. बाबल्याच्या काढून ठेवलेल्या टोपऱ्याची नाडी बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "आये, माझा नॉरमल झाला. पण माका म्हयनोभर धड बसाक गावणा नाय होता. उभी रवान जेवी होतंय मी."

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"तुमी सगळ्यांका नॉरमल, नॉरमल म्हणान साकर वाटी होतास. मगे कसा सांगू?"

सुगंधा सुनेकडे बघत राहिली. तिच्या संतापाला आता जायला जागा उरली नव्हती, म्हणून तो पुन्हा मास्तरांवर आला.

"मास्तरानू, सगळ्यांचा आयकलास. आता तुमचा सांगा. तुमी कशे जल्मल्यात?"

"मी?" मास्तर सावरून उभे राहिले. "मी अर्थातच नैसर्गिक… म्हणजे त्या काळी…"

"त्या काळी काय? म्हायत आसा काय नाय?"

मास्तरांनी कपाळावर हात फिरवला. जन्मतारीख ठाऊक होती, बाप्तिस्म्याचं चर्च ठाऊक होतं. बाकी काहीच नाही. त्यांना विचारावंसं कधी वाटलंच नव्हतं.

"म्हापशाची पास्कीनबाय आसा मगे," जॉयसी म्हणाली. मास्तरांची थोरली बहीण. जॉयसीने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पायरीवर मध्यभागी ठेवला.

पास्कीनबाय ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून बोलत असे. मास्तरांनी प्रश्न विचारला. दोनदा विचारावा लागला. मग फोनमधून जे आलं, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असावं.

"आता इचारतंस? म्हातारो झालंस आणि आता इचारतंस? पायाळू इलंस तू, पायाळू! निळो पडलेलंस. रडूक नाय, हलूक नाय. सगळ्यांनी म्हटला, गेलो. सुपात घालून कोपऱ्यात ठेवल्यानी. मगे कोणीतरी सूप सारूक गेला, तर मुतलंस. तेव्हा कळला, जित्तो आसा!"

पडवी हसण्याने हादरली. शर्मिला तर पायरीवर आडवी झाली. बाबलो आणि केव्हिन काय झालं ते न कळून टाळ्या पिटायला लागले.

"आणि मगे काय धड होतंस?" पास्कीनबाय थांबायला तयार नव्हती. "शाळेत कमी आणि वैद्याकडे जास्ती. तुझा नाक पुसता पुसता माझे फ्रॉक खराब झाले. नॉरमल म्हणे!"

मास्तर ताठ झाले. "पास्कीन, हे विधान पुराव्याशिवाय…" त्यांनी सुरुवात केली. समोर सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. जॉयसीसुद्धा हसत होती, पोटावर हात धरून, जपून. तिला तसं हसताना मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचं वाक्य तिथेच सुटलं.

ते फोनाजवळ वाकले.

"पास्कीन," ते मालवणीत म्हणाले, "मी कोपऱ्यात होतंय तेव्हा आवशीचा काय झाला गो?"

म्हापशाच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता. पास्कीनबाय पुन्हा बोलली तेव्हा ती ओरडत नव्हती.

"ता इतक्या वर्सांत कोणी इचारूक नाय," ती म्हणाली. "सांगतंय. बसलंस मा? उभ्यान आयकूचा नाय ता."

मास्तर इकडे तिकडे बघायला लागले. शर्मिला उठून बसली आणि तिने सुगंधाला कोपराने ढोसलं.

"सरक गो जरा," ती म्हणाली. "मास्तरांका बसाक दी."